अठरा जुलैच्या आत

तरणा पाऊस लागला होता. 11 जुलैच्या दुपारी जांबोटीच्या बाजूचे एक काका इरलं दारात ठेवून वाचनालयात आले आणि म्हणाले, "आमच्या वडिलांची नक्कल तुमच्याकडं हाय म्हणे. बघायला मिळंल?"

गावच्या नाटकात प्रत्येक नटाच्या वाट्याचं भाषण वेगळं उतरवून देत असत, त्या वहीला नक्कल म्हणतात. बेळगावजवळच्या आमच्या खानापूर तालुक्यात यात्रेच्या नाटकाला अजून गर्दी होते, पण पूर्वी प्रत्येक गावात तालीम मास्तर होता, पेटीमास्तर होता, आणि घरोघरी अशा वह्या होत्या. 2018 मध्ये आम्ही मलप्रभेच्या काठच्या गावांतून 46 वह्या मागून आणल्या, पानन् पान स्कॅन केलं आणि वह्या ज्याच्या त्याच्या घरी परत दिल्या. जोडीला म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या, 61 फाइली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 2019 च्या पुरात, त्यातल्या 9 वह्या घरांबरोबर गेल्या. काकांच्या वडिलांची, आमच्या नोंदीतली वही 31, त्या नवांतली.

मी संगणकावर वाचनालयाचा गूगल ड्राइव्ह, म्हणजे फाइली नेटवर ठेवायची जागा, उघडला. 'वही 31' नावाचा फोल्डर नव्हता. वही 30 नव्हती, 32 पण नव्हती. 'सर्व वह्या' असा एक नवीन फोल्डर होता आणि त्यात 117 चित्रं. काकांना मी म्हटलं, नेट नीट चालत नाही, चार दिवसांनी या. खोटं बोलले. ते "बरं बाई" म्हणून पावसात परत गेले.

संध्याकाळी वाचनालयात बसणारा मुलगा आला. पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पगार काही नाही, आवडीनं येतो. विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"आक्का, जागा संपली म्हणून मेसेज येऊलाला होता. एकाच नावाच्या लई फाइली दिसल्या. डुप्लिकेट काढायचं एक सॉफ्टवेअर लावलं. मला वाटलं एकच पान परत परत चढलंय."

त्याला तसं वाटलं यात नवल नाही. प्रत्येक वहीच्या फोल्डरात फाइलींची नावं पान_001, पान_002 अशीच होती. ती मीच ठेवली होती. फोल्डरच्या नावातच वहीचा नंबर आहे, मग फाइलीच्या नावात कशाला, असा माझा 2018 चा विचार. सॉफ्टवेअरला त्यानं नावावरून तुलना करायला सांगितलं, आणि सॉफ्टवेअरनं प्रत्येक नावाचं एक पान ठेवून बाकी सगळी काढली. सगळ्यात जाड वही 118 पानांची, म्हणून 118 उरली आणि 3,096 गेली. उरलेली पानं त्यानं एका फोल्डरात आणली, रिकामे 46 फोल्डर पुसले, ओव्यांच्या फाइली पण एकत्र केल्या, आणि शेवटी त्या 118 चित्रांची साइज कमी केली. हे सगळं वाचनालयाच्या संगणकावरच्या फोल्डरात, आणि तो फोल्डर ड्राइव्हशी जोडलेला. इथं जे झालं ते वर पण झालं.

तारीख विचारली. 18 जून.

गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाइल ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते आणि मग आपोआप कायमची जाते. ऑक्टोबर 2020 पर्यंत असं नव्हतं, आपण रिकामा करेपर्यंत ट्रॅश तसाच राहायचा. 23 दिवस उलटून गेले होते. हातात सात.

पहिलं काम केलं ते संगणकावरचं सिंक, म्हणजे ही ड्राइव्हशी असलेली जोडणी, बंद करण्याचं. दुसरं, वाचनालयाचा पासवर्ड बदलला. याला कारण होतं. ट्रॅशमधल्या फाइली पण फुकट मिळणाऱ्या 15 जीबी जागेतच मोजल्या जातात, त्यामुळे एवढं पुसूनही जागा भरल्याची पट्टी गेली नव्हती. मुलगा म्हणाला, दुसऱ्या दिवशी ट्रॅश रिकामा करणार होतो, खरं लाइट गेली आणि मग राहून गेलं. हे ऐकल्यावर मी थोडा वेळ काही बोलले नाही.

मी खानापुरात डीटीपी करते. लग्नपत्रिका, अहवाल, उताऱ्याचे अर्ज. पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले ती कामापुरती, फाइलींची नावं बदलायला आणि याद्या करायला. त्यामुळे आधी सोपा रस्ता शोधला. वनड्राइव्हमध्ये मायक्रोसॉफ्ट 365 घेतलेल्यांना अख्खं खातं गेल्या 30 दिवसांतल्या एखाद्या वेळेवर मागं नेता येतं. ड्रॉपबॉक्सच्या पैसे भरलेल्या योजनांत रिवाइंड नावाची तशीच सोय आहे. आमच्या ड्राइव्हच्या फुकट खात्यात फोल्डर मागं न्यायचं असं एक बटण नाही. ट्रॅशमधलं सगळं निवडून 'रिस्टोअर' करता आलं असतं, पण 15 जूनला मी स्वतः काढलेली वाकडी, दुहेरी निघालेली 83 स्कॅनं पण त्यातच होती, ती परत चांगल्या पानांत मिसळली असती. आणि हलवलेल्या, नाव बदललेल्या, आक्रसलेल्या फाइलींना ट्रॅशचा उपयोगच नाही. आरक्लोन या प्रोग्रॅमची अनट्रॅश आज्ञा पण याच कारणानं बाजूला ठेवली. ती चांगली आहे, एका आज्ञेत फोल्डरभर फाइली ट्रॅशमधून काढते, पण काढते ते सगळंच.

दोन दिवस मी चुकीच्या ठिकाणी बघत होते. मला वाटत होतं, 17 जूनला फोल्डर कसे दिसत होते याचं चित्र कुठंतरी साठवलेलं असेल, ते शोधायचं. तसं काही साठवलेलं नसतं. साठवलेली असते ती हकीकत: अमक्या वेळी अमकी फाइल इथून तिथं गेली, अमक्या वेळी ट्रॅशमध्ये गेली, आधी नाव हे होतं, नंतर ते झालं. जुनी स्थिती हवी तर ही हकीकत शेवटाकडून सुरुवातीकडं वाचायची आणि एकेक गोष्ट उलटी करायची. एपीआय म्हणजे प्रोग्रॅमनं ड्राइव्हशी बोलायचं दार. ड्राइव्हच्या नेहमीच्या एपीआयपेक्षा हे वेगळं दार आहे, त्याचं नाव ड्राइव्ह ॲक्टिव्हिटी एपीआय. हे कळल्यावर पुढचं काम डोळ्यांपुढं उभं राहिलं.

याला आणखी एक कारण होतं. ड्राइव्ह उघडून ट्रॅश बघितला की फाइल कधी टाकली ती तारीख दिसते. पण स्क्रिप्टमधून, म्हणजे आपण लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून, विचारलं तर ती तारीख फक्त शेअर्ड ड्राइव्ह या सामायिक जागेतल्या फाइलींसाठी मिळते, आपल्या माय ड्राइव्हमधल्या फाइलींसाठी ती जागा रिकामी येते. 15 जूनची माझी 83 आणि 18 जूनची 3,096 वेगळी करायची तर ॲक्टिव्हिटीशिवाय मार्ग नव्हता.

गूगल क्लाउडमध्ये प्रोजेक्ट उघडणं, दोन्ही एपीआय चालू करणं, परवानगीची फाइल उतरवून घेणं, हे तासाभराचं काम. एवढंच लक्षात ठेवावं लागतं की प्रोजेक्ट 'टेस्टिंग' अवस्थेत असला तर दिलेली परवानगी सात दिवसांत संपते. आमचे दिवस तर त्याहून कमी उरले होते.

13 तारखेच्या रात्री पहिल्यांदा नोंदी मागवल्या. मुलगा संध्याकाळी सहा ते साडेसात बसला होता, म्हणून 18 जूनची 18:00 ते 19:30 ही वेळ दिली. उत्तर आलं: शून्य नोंदी.

पुन्हा चालवलं. शून्य. फोल्डरचा आयडी, म्हणजे ड्राइव्हनं दिलेला ओळख-क्रमांक, तपासला, परवानगी तपासली. बाहेर पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की स्वतःचा आवाज ऐकू येईना. मनात येऊन गेलं की हकीकत पण पुसली गेली. मग वेळेच्या शेवटी मीच लिहिलेलं झेड अक्षर दिसलं. झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ. आपली वेळ साडेपाच तास पुढं. मी रात्री साडेअकरा ते एकची हकीकत विचारत होते, तेव्हा वाचनालयाला कुलूप होतं. 12:30 ते 14:00 दिल्यावर नोंदी आल्या, पानामागून पान. हजारो.

आलेलं सगळं आधी तसंच्या तसं एका फाइलीत ठेवलं आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. मग त्यातून एक तक्ता केला: वेळ, फाइलीचा आयडी, काय झालं, आधी कुठं होती, आधीचं नाव काय. स्क्रीनवर तो तक्ता वर-खाली करताना त्या मुलाची अख्खी संध्याकाळ दिसत होती. सहा वाजून बारा मिनिटांनी पहिलं पान गेलं. मग काही मिनिटांत शेकडो. मग थोडा खंड, बहुतेक तो चहाला उठला असेल. मग ओव्या. त्यांच्यावर त्यानं सॉफ्टवेअर चालवलं नव्हतं. त्या एकेक करून हातानं हलवल्या होत्या, आणि एकाच नावाच्या दोन फाइली एका फोल्डरात आल्या की विंडोजनं 'ओवी_01 (2)' असं नाव केलं होतं. मी त्याला नंतर विचारलं, ओव्या का नाही काढल्यास? तो म्हणाला, "एक लावून ऐकली. आजी गाऊलाली होती. काढू वाटलं नाही."

आता क्रम. नोंदी नव्याकडून जुन्याकडं येतात आणि उलटं करताना नेमका तोच क्रम लागतो. एखादं पान 'वही 12' मधून 'सर्व वह्या'त गेलं आणि त्यानंतर रिकामा झालेला 'वही 12' फोल्डर पुसला गेला. पान परत न्यायचं तर आधी फोल्डर ट्रॅशमधून बाहेर यायला हवा. फोल्डरचा आयडी तोच राहतो, म्हणून तो जिवंत असेपर्यंतच हे जमतं. नवीन फोल्डर त्याच नावानं केला तर ड्राइव्हच्या लेखी तो दुसराच. आणि फोल्डर बाहेर आला म्हणून त्यातली पानं आपोआप येत नाहीत, कारण ती त्याच्याबरोबर गेलेली नसून आधीच एकेकटी टाकलेली होती. प्रत्येक फाइलीवर याची खूण असते: स्वतः टाकली गेली, की फोल्डरच्या पोटात गेली. आमची 3,096 च्या 3,096 स्वतः टाकलेली.

स्क्रिप्टला मी आधी हात बांधून चालवलं. म्हणजे ती फक्त लिहून देणार: हे पान इथं ठेवीन, या फाइलीला हे नाव देईन. करणार काही नाही. तो कागद छापून गुरुजींकडं गेले. गुरुजी म्हणजे आमच्या वाचनालयाचे जुने ग्रंथपाल, प्राथमिक शाळेतून निवृत्त. त्यांनी 2018 मध्ये वह्या घेताना आणि परत देताना एक रजिस्टर ठेवलं होतं, शाईच्या पेननं. वहीचा नंबर, कुणाच्या घरची, नाटक कुठलं, पानं किती, कोरी किती, फाटकी किती. तेव्हा मला ते जास्तीचं काम वाटलं होतं. संगणकात सगळं आहेच की, असं मी म्हटलंही होतं त्यांना. 17 जूनला फोल्डर कसे होते हे सांगू शकणारी जगातली एकमेव गोष्ट आता ते रजिस्टर होतं.

14 तारखेला सकाळी एकट्या वही 7 वर खरी स्क्रिप्ट चालवली. 64 पानं. फोल्डर आला, पानं आली, उघडून बघितली. पहिल्या पानावर पेन्सिलीत लिहिलेलं: 'पेटी काळी 4. पडदा हळू.' रजिस्टरमध्ये वही 7, पानं 64. गुरुजींनी त्या आकड्यापुढं बारीक टिंब केलं आणि म्हणाले, "चालू दे."

बाकीच्याला दुपार आणि अर्धी रात्र गेली. फार भराभर विनंत्या केल्या की ड्राइव्ह 'मर्यादा ओलांडली' म्हणून नकार देतो. मग थोडं थांबून पुन्हा, परत नकार आला तर दुप्पट थांबून पुन्हा, असं स्क्रिप्टमध्ये लिहावं लागतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे झालेल्या प्रत्येक फाइलीचा आयडी लगेच वहीत टिपल्यासारखा एका फाइलीत लिहायचा. त्या दिवशी लाइट दोनदा गेली आणि केबल एकदा. लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर घेऊन पुन्हा चालू केलं की स्क्रिप्ट ती यादी वाचायची आणि जिथं थांबली तिथून पुढं निघायची. ही यादी नसती तर मी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू केलं असतं.

उरली 117 आक्रसलेली चित्रं. ट्रॅश आणि ॲक्टिव्हिटी यात काही करू शकत नाहीत, कारण फाइल जागेवर आहे, आतला मजकूर बदललाय. इथं आवृत्त्या कामाला येतात. ड्राइव्ह चित्रांच्या, पीडीएफच्या जुन्या आवृत्त्या ठेवतो, पण नवीन आवृत्ती चढल्यापासून 30 दिवसच. म्हणजे पुन्हा 18 जुलै. जुन्या आवृत्तीवर 'कायम ठेवा' अशी खूण करता येते, एका फाइलीच्या जास्तीत जास्त 200 आवृत्त्यांवर. मी आधी सगळ्या 117 वर ती खूण केली. त्यानंतरच मला नीट श्वास घेता आला, कारण मुदतीची टांगती तलवार गेली. जुनी आवृत्ती सरळ पुढं आणायची आज्ञा एपीआयमध्ये नाही. ती उतरवून घ्यायची आणि त्याच फाइलीवर नवीन म्हणून चढवायची. 117 फाइली, वीस मिनिटं.

आक्रसलेलं आणि मूळ पान मी शेजारी ठेवून बघितलं. शाईची अक्षरं दोन्हीत वाचता येतात. पेन्सिल फक्त मूळ पानात आहे. नटानं तालमीत स्वतःसाठी केलेल्या खुणा, कुठं वळायचं, कुठं आवाज चढवायचा, त्या सगळ्या पेन्सिलीत असतात. साइज कमी केल्यावर त्यांचा करडा डाग झाला होता.

16 जुलैला गुरुजी आणि मी मोजायला बसलो. मी फोल्डरातला आकडा वाचायची, ते रजिस्टरमधला. वही 1, 58. अठ्ठावन्न. वही 2, 71. एकाहत्तर. वही 30 पर्यंत सगळं जुळलं.

"वही 31, 71."

"बहात्तर," गुरुजी म्हणाले.

पुन्हा मोजलं. 71. मी म्हटलं, एखादं पान तेव्हा स्कॅन करायचं राहिलं असेल. गुरुजींनी मान हलवली. "मी स्कॅन झाल्यावर मोजून मगच वही परत दिलीय. शेवटचं पान कोरं, ते पण घेतलंय बघ. बहात्तर."

बाकीच्या वह्या मोजून घेतल्या, 45 बरोबर. मग मी नावं ओळीनं बघितली. पान_058 नव्हतं. स्क्रिप्टच्या नोंदीत गेले. 'सर्व वह्या'तून परत हलवलेल्या फाइली 118 होत्या. पहिल्या दिवशी मी त्या फोल्डरात 117 मोजल्या होत्या. फरक तेव्हापासून डोळ्यांसमोर होता, मी जोडून बघितलंच नव्हतं. पान_058 स्क्रिप्टनं वही 31 मध्ये परत नेलं होतं खरं, पण ते ट्रॅशमध्ये असतानाच नेलं होतं, म्हणून दिसत नव्हतं. ट्रॅशमध्ये कधी गेलं? माझ्या दीड तासाच्या हकीकतीत ती नोंद नव्हती.

मुलाला फोन केला. तो बराच वेळ आठवत राहिला.

"आक्का, दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना एक काढलं होतं. साइज कमी केल्यावर ते सगळं काळं झालं होतं. खराब म्हणून काढलं."

19 जूनची सकाळ. मी वेळेची खिडकी रुंद केली, आणि एकच नोंद आली, एकटी. पान ट्रॅशमधून काढलं, त्याच्या दोन आवृत्त्या होत्या, जुनीवर खूण केली, उतरवली, पुन्हा चढवली. ते पान काळं होण्याचं कारण तेव्हा कळलं. त्यावर दोन बोटं रुंद पेन्सिलीची पट्टी होती, एक अख्खं भाषण काटलेलं, आणि समासात लहान अक्षरात नवीन लिहिलेलं.

त्यानंतरच्या आठवड्यात फाइलींची नावं बदलली, आता प्रत्येक नावात वहीचा नंबर आहे, व31_प058 असा. अख्ख्या संग्रहाची एक प्रत हार्डडिस्कवर गुरुजींच्या कपाटात आहे, ती कुठल्याच संगणकाला जोडलेली नसते. दर महिन्याला एक छोटी स्क्रिप्ट फाइलींची यादी करते, नाव, फोल्डर आणि एमडी5 चेकसम, म्हणजे आतल्या मजकुराचा ठसा. ती यादी छापून रजिस्टरला टाचतो. यादी छापायचं काम मुलाकडं आहे.

काका 20 तारखेला आले. मी त्यांना खरं काय झालं होतं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बहात्तर पानांच्या छापील प्रती मांडीवर घेतल्या. अठ्ठावन्नाव्या पानाशी थांबले. चष्मा पुसला, समासातलं बारीक अक्षर बोटानं धरून वाचलं.

"हे मास्तरांनी काटलं होतं," ते म्हणाले. "पण बाबांनी स्टेजवर तेच म्हटलं. आई सांगायची. आम्हाला काय म्हटलं ते कधी कळलं नव्हतं."

पट्टीखालची ओळ वाचता येते का, असं त्यांनी विचारलं. मी चित्र मोठं केलं. मूळ आवृत्तीत पेन्सिलीखालची शाई स्पष्ट दिसत होती. मी वाचत गेले, त्यांनी मुलाकडून पेन मागून घेतलं आणि कागदाच्या पाठीवर उतरवून घेतलं.